तबला बंद: चरणजित सिंग यांच्या एका रेकॉर्डचं प्रकरण

रेकॉर्ड १९८२ची. कंपनी एचएमव्ही, म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. नाव लांबलचक: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वाजवणारा माणूस एक, यंत्रं तीन आणि तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. पहिल्या बाजूला भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती. उलटवली की मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दुकानात आली, फारशी कुणी उचलली नाही, विस्मरणात गेली. अठ्ठावीस वर्षांनी हॉलंडमधल्या एका छोट्या लेबलनं ती पुन्हा काढली, आणि मग इंग्रजी मथळे सुरू झाले: ॲसिड हाउस शिकागोत जन्मलं असं आपण समजत होतो, ते तर पाच वर्षं आधीच मुंबईत वाजून गेलं होतं!

ॲसिड हाउस म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. सरळ, न थांबणारा चार ठोक्यांचा ठेका, आणि त्यावर एका छोट्या यंत्रातून निघणारी चिवट, वळवळणारी, मधूनच किंचाळणारी बासची ओळ. गाणारा नसला तरी चालतो, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) जवळजवळ नसतातच. १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्युचर' या त्रिकुटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड आली आणि पुढच्याच वर्षी हे वेड ब्रिटनमध्ये पोचलं. त्या वळवळीमागचं यंत्र रोलँड टीबी-३०३. मुंबईच्या रेकॉर्डवरही तेच.

मी स्वतः रात्री घरी असल्या यंत्रांशी खेळणारा माणूस. दिवसा नोकरी, रात्री हेडफोन. त्यामुळे हे प्रकरण मला कुतूहलापेक्षा जवळचं आहे. एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या दोन शहरांत इतका सारखा आवाज का निघाला? आणि तीच रेकॉर्ड १९८२ मध्ये कुणाला नको होती, २०१० मध्ये हवी झाली, ती का? आणखी एक सल आहे, तो शब्दाचा. ब्रिटनच्या 'गार्डियन'नं २०११ मध्ये सिंग यांची मुलाखत छापली, तिच्या मथळ्यात म्हटलं होतं की त्यांनी ॲसिड हाउस 'चुकून' शोधलं. हा 'चुकून' मला पटत नाही. का, ते पुढे येईलच.

सिटिंगवाला

चरणजित सिंग यांचा जन्म १९४०चा. पेशा म्हणाल तर मुंबईच्या फिल्म इंडस्ट्रीतले सेशन म्युझिशियन. बास गिटार, हवाईयन गिटार, ट्रान्झिकॉर्ड हे इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन, पुढे सिंथेसायझर. शंकर-जयकिशन, एस. डी. आणि आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा मोठ्या संगीतकारांकडे त्यांनी वाजवलं. १९७१च्या 'दम मारो दम'मधला ट्रान्झिकॉर्ड त्यांचा. हे गाणं आठवत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि त्यात ट्रान्झिकॉर्ड कुणी वाजवला हे ठाऊक असलेला सापडणं त्याहून कठीण.

हा या धंद्याचा रिवाजच होता. ताडदेवच्या फिल्म सेंटरला किंवा महालक्ष्मीच्या फेमसला सकाळी रेकॉर्डिंग लागायचं, पन्नास-साठ वादक बसायचे, अरेंजर कागद वाटायचा. हे कागद पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये असायचे, कारण अरेंजर आणि व्हायोलिन-ट्रम्पेटवाले बरेचसे गोव्याचे, गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. गाणं ओके झालं की पैसे घ्यायचे आणि पुढच्या सिटिंगला पळायचं. रेकॉर्डच्या कव्हरवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, नायक-नायिकेचे फोटो. वादक कुठेच नाही.

या गर्दीत एक जमात वेगळी होती: नव्या यंत्रांची. देशात आयातीवर कडक बंधनं आणि वर जबर जकात, त्यामुळे परदेशी वाद्य ही हौसेची गोष्ट राहत नसे, तो धंद्यातला डाव असे. केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मिनीमूग हा सिंथेसायझर आणला तेव्हा तो आवाज हवा असेल तर बोलवायचं त्यांनाच. सिंग याच जातीचे. त्यांची यंत्रं सिंगापूरहून आली.

आता या माणसाकडे काय काय होतं ते बघा. रागांची बैठक पक्की. पाश्चात्त्य वाद्यांवर हात बसलेला. बासवादक असल्यामुळे गाण्याच्या तळाशी काय चालतं याची जाण. शिवाय स्वतःचा ऑर्केस्ट्रा घेऊन लग्नसमारंभात वाजवत असल्यामुळे लोक कशावर उठून नाचतात याचा रोजचा अनुभव. ही रेकॉर्ड ऐकताना मला या चारही गोष्टी वेगवेगळ्या ऐकू येतात.

तीन खोकी

ज्युपिटर-८ हा तिघांतला राजा. १९८१चा, आठ स्वर एकाच वेळी धरणारा सिंथेसायझर, अमेरिकेत किंमत पाच हजार डॉलरच्या वर. टीआर-८०८ हे १९८०चं ताल-यंत्र. त्यात खऱ्या ढोलाचा एकही नमुना नाही, सगळे आवाज विजेच्या सर्किटमधून घडवलेले. पुढच्या बाजूला सोळा बटणांची रांग, चार-चारच्या चार रंगांत. सोळा घरं, चार विभाग म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला तीनतालच दिसणार. फरक इतकाच, की तीनतालात एका विभागावर 'खाली' असते, म्हणजे टाळी नसते, आणि समेला, पहिल्या मात्रेला, वजन असतं. या यंत्राला सोळाही घरं सारखी.

तिसरं सगळ्यात छोटं: टीबी-३०३. तादाओ किकुमोतो यांनी बनवलेलं, चंदेरी प्लॅस्टिकचं, मांडीवर मावेल एवढं. उद्देश साधा: एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी. किंमत चारशे डॉलरच्या आत. आवाज मात्र बास गिटारसारखा कुठूनही येत नाही. त्यातून ते प्रोग्राम करायला महाकिचकट. १९८४ पर्यंत कंपनीनं उत्पादन बंद केलं. सगळी मिळून दहा हजारांच्या आसपास यंत्रं बनली. नंतर ती सेकंडहँड दुकानांत धूळ खात पडली आणि म्हणूनच शिकागोच्या पोरांच्या हाती आली.

किचकट म्हणजे कसं, ते मी माझ्याकडच्या एका आधुनिक, स्वस्त नकलेवर भोगलेलं आहे. एका सप्तकाची तेरा बटणं. आधी फक्त स्वर भरायचे, एकापाठोपाठ एक, त्यात लय नाहीच. मग वेगळ्या मोडमध्ये जाऊन फक्त काळ भरायचा: या घरात स्वर, या घरात मागचाच लांबवलेला, या घरात विश्रांती. पहिल्या दिवशी मी भूप भरायला बसलो, सा रे ग प ध, अगदी बाळबोध. स्वर बरोबर भरले, काळात एक घर चुकलो, आणि पूर्ण ओळ घसरून भलतीकडेच सुरू झाली. वाजत होता भूपच, पण ग वर यायला हवा तिथे प, आणि सा नको तिथे. वैतागून पुसणार होतो, पण ऐकत बसलो. अर्धा तास.

शिकागोतही याच जातीचं काहीतरी झालं. 'फ्युचर'मधल्या डीजे पिअर आणि त्याच्या मित्रांना यंत्र नीट कसं चालवायचं ते येत नव्हतं. त्यांनी ओळ धड रचलीच नाही; जे वाजत होतं ते तसंच चालू ठेवून आवाज घडवणाऱ्या गोल बटणांशी खेळत बसले, आणि ती किंचाळी सापडली. टेप 'म्युझिक बॉक्स' क्लबचा डीजे रॉन हार्डी याच्याकडे गेली. त्यानं ती एकाच रात्री चार वेळा लावली आणि चौथ्या वेळी गर्दी वेडी झाली, अशी गोष्ट पिअर आजही सांगतात.

सिंग यांचं उलटं. त्यांना यंत्र येत होतं. आणि मला वाटतं (हा माझा तर्क, त्यांनी असं कुठे म्हटल्याचं मी वाचलेलं नाही) की स्वर वेगळे आणि काळ वेगळा ही रीत ज्याला अडचण वाटत नाही असा माणूस आपल्याकडेच सापडेल. आपण बंदिशीचं नोटेशन शिकतो तेही असंच: आधी सरगम, मग ती तालाच्या घरांत कुठे बसते ते.

तबला बंद करायचा

१९८०मध्ये 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' आलं. बिद्दू यांचं संगीत, नाझिया हसनचा आवाज. पुढच्या वर्षी 'डिस्को दीवाने'. १९८२ संपता संपता 'डिस्को डान्सर'. मुंबईच्या स्टुडिओंत त्या दोन-तीन वर्षांत दुसरं काही मागितलंच जात नव्हतं म्हणा. सिंग यांनी नंतर मुलाखतीत जे सांगितलं त्याचा मतलब असा: सिनेमात सगळीकडे डिस्कोच चाललंय, तर डिस्को वापरूनच काहीतरी वेगळं करू, राग वाजवू, ठेका डिस्कोचा ठेवू, आणि तबला बंद करू. घरी ही यंत्रं एकत्र जोडून बघितली, बरं वाटलं, मग रेकॉर्ड केलं.

या सगळ्यात 'तबला बंद' हा निर्णय सगळ्यात मोठा. त्या काळात 'राग आणि सिंथेसायझर' म्हटलं असतं तर दहापैकी नऊ जणांनी तबला ठेवला असता आणि वर सिंथेसायझरवर धून वाजवली असती. ते झालं असतं फ्यूजन, आणि आज कुणी त्याचं नाव काढलं नसतं.

तबला काढला की ठेका बोलणं थांबवतो. तबलजी ऐकत असतो, तान संपत आली की तो समेला तुमची वाट बघतो, मध्येच छेडतो. ८०८ कुणाचंच ऐकत नाही. वाजवणाऱ्याला एका बेपर्वा, अचल गोष्टीशी जुळवून घ्यावं लागतं.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. डिस्कोत त्या काळी काय असायचं? ठेका, बास, आणि त्यावर व्हायोलिनांचा ताफा, ब्रास, कॉर्डच्या पायऱ्या, गायिका. राग वाजवायचा म्हटला की कॉर्ड जातात, कारण रागाला हलता पाया चालत नाही. सा एकदा धरला की शेवटपर्यंत सा. गायिका नाही, कारण रेकॉर्ड वाद्यसंगीताची. व्हायोलिनं नाहीत, कारण माणूस एकटा. उरलं काय? ठोका, एका जागी घोटणारी बासची ओळ, आणि त्यावर फिरणारी एक धून.

शिकागोच्या पोरांनी चार-पाच वर्षांनी डिस्कोतून नेमकं हेच सगळं वजा केलं. त्यांचं कारण निराळं, खिशाचं: ऑर्केस्ट्रा परवडत नव्हता, होती ती जुनी यंत्रं. सिंग यांनी वजाबाकी रागाच्या नियमानं केली. बाकी सारखीच उरली. माझ्या मते पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे, आणि यंत्र सारखं असणं हे त्यातलं निम्मंच.

निम्मंच का म्हणतो? कारण ३०३ इतरांनीही त्याच सुमारास वापरलं होतं. स्कॉटलंडच्या 'ऑरेंज जूस'नं 'रिप इट अप'मध्ये वापरलं, इटलीच्या अलेक्झांडर रोबोटनिकनं १९८३मध्ये वापरलं. ती गाणी ऐकून कुणी 'अरे, हे तर ॲसिड' असं ओरडत नाही. आणि यंत्रानं घोटलेली बासची ओळ म्हणाल तर ती १९७७मध्ये जॉर्जो मोरोडर यांनी डॉना समरच्या 'आय फील लव्ह'मध्ये जगाला ऐकवलीच होती.

मींडेचा मुद्दा मात्र जरा जपून मांडायला हवा, कारण बहुतेक लिहिणारे इथे वाहवत जातात. ३०३मध्ये 'स्लाइड' नावाची सोय आहे: एका स्वरावरून पुढच्यावर तुटक उडी न मारता आवाज घसरत जातो. लगेच सगळे म्हणतात, ही मींड! मींड नव्हे हो. मींड कुठे रेंगाळायचं, कुठे झटकन सुटायचं हे गळा ठरवतो, वाटेत तिसऱ्या स्वराला हलकेच शिवून जातो. ३०३ची घसरण दर वेळी ठरलेल्या वेळात होते, अंतर एका स्वराचं असो की पाचाचं. ही घसीट आहे, तीही एकसाची. पण ज्याच्या कानात मींड आहे त्याला ती कुठे लावायची हे कळतं, आणि इथं ते ऐकू येतं. हार्मोनियमवर नाही का, चांगला पेटीवाला न येणारी मींड येत असल्याचा भास करून देतो, तसंच काहीसं.

आणखी एक, हेही निरीक्षणच. दहातले चार राग पाच स्वरांचे आहेत: भूपाली, कलावती, मालकंस, बैरागी. तेरा बटणांच्या, सोळा घरांच्या यंत्रावर औडव राग चटकन उभा राहतो, पाच स्वर घोटत राहिले की ओळख पटते. ललत आणि तोडी तशी नाहीत. ललतात दोन्ही मध्यम शेजारी-शेजारी, पंचम वर्ज्य. ते यंत्रावर आणणं ही हिंमत आहे. मला विचाराल तर या रेकॉर्डवरचं सगळ्यात थरारक काही असेल तर तो ललतच. मेघ मल्हारापाशी मी अजून थांबलेलो नाही.

म्हणून 'चुकून' हा शब्द मला खटकतो. चूक शिकागोत झाली, आणि फार सुंदर चूक होती ती. मुंबईत जे झालं ते ठरवून, विचारपूर्वक, यंत्रासोबतच्या पुस्तिकेत सांगितलंय जवळजवळ तसंच ते वापरून झालं. फरक रेकॉर्डवरही दिसतो: ॲसिडचा जीव असतो वाजताना फिल्टरची बटणं पिळण्यात, आवाज बंद-उघडा करण्यात. सिंग ते मोजकंच करतात, कारण त्यांचे हात ज्युपिटरवर तानांत गुंतलेले आहेत. त्यांच्यासाठी ३०३ साथीला आहे, नायक नाही. तेव्हा 'ॲसिड हाउसचे जनक' ही पदवीही काढून ठेवावी. शिकागोत कुणी ही रेकॉर्ड ऐकली नव्हती. जनक म्हणायला लेकराचा पत्ता तरी ठाऊक हवा.

कुठल्या फळीवर ठेवायची?

१९८२च्या रेकॉर्डच्या दुकानात फळ्या ठरलेल्या होत्या. सिनेमा, शास्त्रीय, गझल-भजन, इंग्रजी. शिवाय एक फळी होती सिनेगीतांच्या वाद्यसंगीताची: व्हॅन शिप्ले यांची गिटार, पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन. हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, घरी पाहुणे आले की लावायला या रेकॉर्ड उत्तम. गाणं ओळखीचं असतं, शब्द मनातल्या मनात म्हणता येतात. खुद्द सिंग यांनीही सिनेगीतांच्या अशा रेकॉर्ड काढल्या होत्या. गिऱ्हाईक त्यांना त्या फळीवर ओळखत होतं.

या रेकॉर्डमध्ये ओळखीची चालच नाही. शास्त्रीयच्या फळीवर ठेवावी तर तंबोरा नाही, तबला नाही, आणि मालकंसाला डिस्कोचा ठोका. (राग पाच मिनिटांत उरकला ही तक्रार मात्र कुणी करू नये. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ७८च्या तबकड्यांवर तीन मिनिटांत राग उभे केले आणि आपण अजून ते कानाला लावून बसतो.) डिस्कोच्या फळीवर ठेवावी तर त्यात ना गाणं ना नायिका. ही कुणासाठी आहे, हे कंपनीला सांगता आलं नसेल आणि दुकानदाराला विचारता आलं नसेल.

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणून तिला ओळखणारा श्रोता त्या वेळी मुंबईत नव्हताच, आणि जिथे त्याची बीजं होती तिथे दारं बंद होती. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला होता, गीता साराभाई आणि इतर काहींनी तिथे टेपवर प्रयोग केले होते. तेव्हा 'भारतातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत' हा किताबही सिंग यांना देता येत नाही. पण त्या टेप संस्थेच्या कपाटात पडून राहिल्या आणि त्यातल्या निवडक २०२३मध्ये लोकांसमोर आल्या. सिंग यांची रेकॉर्ड निदान दुकानापर्यंत पोचली होती.

मला याहून चमत्कारिक वाटते ती गोव्याची गोष्ट. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर परदेशी डीजे कॅसेटवरून, पुढे डॅट या डिजिटल टेपवरून रात्र-रात्र वाजवायचे. नव्वदीत त्यातूनच 'गोवा ट्रान्स' निघालं, आणि त्याच्या रेकॉर्डमध्ये ३०३ची वळवळ अगदी हवीच. कुणी कुणी त्यात भारतीय वाटतील असे स्वरही पेरायचे. म्हणजे रागाची वळणं आणि ३०३ यांची जोडी युरोपातून फिरून गोव्यात परत आली, आणि एका रात्रीच्या बसच्या अंतरावर, मुंबईत, ती जोडी आधीच जमवणारा माणूस लग्नाच्या ऑर्डरी करत होता.

दिल्लीत सापडली

२००२मध्ये एदो बाउमन हा डच संग्राहक जुन्या हिंदी सिनेमाच्या रेकॉर्ड शोधत दिल्लीत फिरत होता. एका दुकानात ही मिळाली. हॉटेलच्या खोलीवर जाऊन छोट्या प्लेअरवर लावली आणि थक्क झाला. मग मुंबईत येऊन त्यानं सिंग यांना गाठलं, आणि २०१०मध्ये स्वतःच्या 'बॉम्बे कनेक्शन' लेबलवर रेकॉर्ड पुन्हा काढली.

पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. ही बनावट आहे, कुणीतरी आत्ता बनवून जुनं कव्हर चढवलंय, अशी कुजबुज झाली. एफेक्स ट्विन या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचाच हा चावटपणा असेल इथवर अफवा गेली. राग येण्यासारखी गोष्ट आहे खरं तर. मुंबईचा सिनेमावाला वादक १९८२मध्ये हे करू शकतो, यापेक्षा इंग्लंडमधल्या कुणीतरी मुंबईचा वादक कल्पनेतून घडवला हे लोकांना जास्त शक्य वाटलं. पण मी चिडत नाही, कारण आपल्याकडेही बहुतेकांनी त्यांचं नाव परदेशी बातम्यांतूनच ऐकलं. मीसुद्धा.

२०१०पर्यंत काय बदललं होतं? रेकॉर्ड तीच होती. पण शिकागो, मग ब्रिटन, मग गोवा असं होत होत लोकांचे कान त्या वळवळीला तयार झाले होते. १९८२मध्ये जिला फळी नव्हती तिला आता एक अख्खी फळी तयार मिळाली. फक्त ती फळी दुसऱ्यांनी ठोकलेली होती, तिच्यावर 'ॲसिड' असं लिहिलेलं होतं, आणि रेकॉर्ड तिच्यावर चढली ती त्याच चिठ्ठीसह. फायदा झाला, नाही कशाला म्हणा. सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात मंचावर उभे राहून हेच राग पुन्हा वाजवू लागले, समोर नातवंडांच्या वयाची गर्दी. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यात वाजवलेल्या माणसाचं नाव पोस्टरवर सगळ्यात वर. जुलै २०१५मध्ये मुंबईत ते गेले.

माझी एक मावशी मिरजेला असते. गाणं शिकवते, पस्तीस वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मी काही न सांगता तिच्या कानाला हेडफोन लावला आणि ललत सुरू केला. डिस्को वगैरे शब्द काढले असते तर तिनं हेडफोन घेतलाच नसता. तिनं डोळे मिटले. मिनिटभरानं म्हणाली, "मध्यम नीट लावलेत दोन्ही." मग थोडं थांबून, "पण हे मागं सारखं कुरकुरतंय काय?"

"तो तंबोरा समज."

"तंबोरा कुठं असा नाचतो रे?"

पण काढला नाही तिनं हेडफोन. पुढे मी तोडी लावली. तिथे लगेच कपाळाला आठी. "गंधार चढा आहे. तोडीचा गंधार हा नव्हे." बरोबर होतं तिचं. यंत्राच्या बारा पट्ट्या समान वाटलेल्या, तोडीचा तो उतरलेला गंधार त्यांच्यामध्ये कुठेतरी हरवतो. मी म्हटलं, यंत्र आहे मावशी, त्याला तेवढंच येतं. तिनं हातानंच गप्प बस अशी खूण केली. ज्युपिटरवर एक लांब तान खाली उतरत होती, तिच्या बोटांनी मांडीवर मात्रा मोजायला सुरुवात केली होती, आणि तान जिथे येऊन टेकली तिथे तिची मान बरोबर हलली.

राग संपल्यावर तिनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"पेटीवाला आहे का कुणी? हात तयार आहे त्याचा." मग केस सारखे करत म्हणाली, "पण त्या दिवशी तबलजी आला नव्हता का?"